चिंतनाची खुर्ची

गाईडबाई सकाळपासून भाषण घोकत होत्या. हवेली दाखवण्याच्या कामावर त्या अजून उमेदवार होत्या, आणि आज खुद्द व्यवस्थापकसाहेब शाळेच्या सहलीमागून फिरत त्यांचं बोलणं ऐकणार होते. पसंत पडलं तर नोकरी कायम. नाही पडलं तर पुन्हा तिकीटखिडकीतल्या त्या कोंदट खुराड्यात, बाहेरच्या माणसांचे फक्त हात बघत बसायचं.

"एक लक्षात ठेवा," साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. "पाहुण्यांनी काहीही विचारू दे, 'माहीत नाही' हे शब्द या हवेलीत उच्चारायचे नाहीत. हवेलीची अब्रू जाते."

एवढ्यात बस आली आणि दुसरीचा वर्ग बाहेर सांडला. मागून वर्गबाई उतरल्या. त्यांचा घसा वाटेतच बसला होता. मुलांच्या पाण्याच्या बाटल्या पार रिकाम्या झाल्या होत्या, कारण बाटल्यांना नळ्या होत्या आणि नळीतून ओढलं की मजेशीर आवाज येत होता. त्या पाण्याचं पुढे काय होणार, हा विचार कुणाच्याही मनात आला नाही.

दिवाणखाना झकास पार पडला. जेवणघरही पार पडलं. गाईडबाईंची गाडी रुळावर आली आणि थोरल्या बाईसाहेबांच्या शयनघरात तर त्यांना चांगलाच सूर सापडला. छताची नक्षी, भिंतीएवढा आरसा, चार खांबांचा पलंग! दाराशी उभे राहून साहेब चक्क मान डोलावत होते.

तेवढ्यात एक हात वर झाला. दोन वेण्यांची, चिमणीएवढी मुलगी होती. मघापासून ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहत होती.

"बाईसाहेब शूला कुठे जायच्या?"

नक्षीकडे ढुंकूनही न बघणारी मुलं कान टवकारून पुढे सरकली.

"हो, कुठे जायच्या?"

"रात्री पण?"

"थंडीत पण?"

गाईडबाईंनी मनातल्या मनात भराभर पानं उलटली. सगळं भाषण तोंडपाठ होतं, पण त्यात बाईसाहेब कुठेच गेल्या नव्हत्या. 'माहीत नाही' अगदी ओठांवर आलं होतं. साहेबांची भुवई वर चढलेली दिसली, तशी त्यांनी ते गिळलं. हात आपोआप उठला आणि समोर जे दिसलं त्याकडे वळला.

"त्या... त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत."

मुलांनी टाळ्या पिटल्या. साहेबांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. कोरीव हातांची, मखमली गादीची ती खुर्ची म्हणजे हवेलीची शान होती. पुढ्यात पाटी होती: 'थोरल्या बाईसाहेबांचे चिंतनाचे आसन. हात लावू नये.'

सहल पुढच्या दालनात शिरताच साहेबांनी गाईडबाईंना खांबाआड गाठलं.

"काय हे अकलेचे तारे तोडलेत? जिथे बसून बाईसाहेब पहाटे चिंतन करायच्या, तिथे तुम्ही त्यांना... शी!"

"पण साहेब, तुम्हीच म्हणालात की माहीत नाही असं..."

"म्हणून असं बोलायचं? उद्यापासून खिडकीत बसा."

संपलंच म्हणायचं सगळं. गाईडबाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात वर्गबाईंचा बसका आवाज कानावर आला.

"अगं बाई! माझी चिमणी कुठेय?"

सगळे उलट्या पावली धावले. शयनघराच्या दारात साहेब सर्वांत पुढे होते आणि तिथेच ते थबकले. मखमली गादी जमिनीवर नीट ठेवलेली होती. चिमणी खुर्चीत बसली होती. पाय लोंबकळत होते, हनुवटी तळहातावर होती आणि नजर छताच्या नक्षीवर लागली होती. अगदी चिंतनात होती.

"आत येऊ नका!" ती ओरडली. "माझं झालं नाहीये अजून."

"अरे देवा! खुर्ची! माझी खुर्ची!" साहेब किंचाळले.

"संडास बागेच्या पार त्या टोकाला आहेत," वर्गबाई रडकुंडीला आल्या. "पोरगी धरणार तरी किती? आणि तुमच्याच बाईंनी सांगितलं ना इथे जायचं म्हणून!"

चिमणी शांतपणे उतरली, फ्रॉक नीट केला आणि म्हणाली, "काही सांडलं नाही काका. आत भांडं आहे."

"कसलं भांडं?"

"गादी काढली की फळी. फळी उचलली की भोक. भोकाखाली भांडं."

साहेब गुडघ्यांवर बसले आणि वाकून बघू लागले. गादी उचलायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती, खुद्द त्यांचीसुद्धा. फळीला छान पितळी बिजागऱ्या होत्या. खाली चिनी मातीचं भांडं होतं आणि त्याच्या काठावर निळी फुलं होती. चिंतनाला बिजागऱ्या लागत नाहीत, एवढं साहेबांनाही कळलं.

गाईडबाईंचा तर आपल्या थापेवर विश्वासच बसेना.

वर्गबाई सावकाश म्हणाल्या, "साहेब, मागच्या सहलीला तुम्ही आमच्या मुख्याध्यापिकांना मोठ्या मानाने इथेच बसवलं होतंत ना? फोटोही काढला होता."

"ह... हो."

"तो फ्रेम करून शाळेच्या दारात लावलाय."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. या प्रकरणाची तक्रार आता कुणीच कुणाकडे करणार नाही, हे न बोलता ठरलं.

मुलांनी खुर्चीला गराडा घातला. एवढी आवडीने पाहिलेली वस्तू हवेलीत दुसरी नव्हती.

"काका, मग हे भांडं रिकामं कोण करायचं?"

साहेबांनी कपाळ पुसलं. मग त्यांनी गाईडबाईंकडे पाहिलं. आवाज बराच खाली आला होता.

"ते आमच्या गाईडबाई सांगतील. त्या इथे कायमच्या आहेत."

गाईडबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. पदराने डोळे टिपून त्यांनी वस्तू दाखवायची हातातली छडी सरळ केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "हवेलीचे व्यवस्थापक."

सगळा वर्ग साहेबांकडे वळला. मोठ्या उत्सुकतेने बघू लागला.

साहेबांनी बाह्या सरसावल्या, भांडं दोन्ही हातांनी जपून उचललं आणि बागेची वाट धरली. मागून अख्खी सहल रांगेने निघाली.