एका गोटीने

सांकुंग सान्यांग पडद्याआड गेला तो गेलाच. घंटा काही वाजेना.

आमच्याकडे मत म्हणजे काचेची गोटी. बोटाला शाई लावून घ्यायची, पडद्याआड जायचं आणि उमेदवाराच्या रंगाचं पिंप बघून त्याच्या नळीत गोटी सोडायची. आतली घंटा टण्ण वाजते, बाहेरचा अधिकारी ती ऐकतो आणि म्हणतो, "पुढचा." इतका सोपा मामला आहे. पण सोप्या गोष्टीचा विचका करायला बुरुंकुंदा गावाला फार वेळ लागत नाही.

"सांकुंगकाका, झालं का?" अन्सुमाना मास्तरांनी विचारलं. एरवी ते शाळेत भूगोल शिकवतात, निवडणुकीला केंद्राधिकारी होतात आणि दोन्ही वेळा त्यांचा चेहरा सारखाच पडलेला असतो.

"होतंय."

"गोटी आहे ना हातात?"

"आहे. तीच तर पंचाईत आहे."

रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. ऊन चढत होतं, हवेत धूळ होती, आयांच्या पाठीवरची पोरं एकमेकांचं ऐकून रडत होती. रांगेत पहिली नाफी होती आणि तिच्यामागे वाली जूफ. जूफ आणि सान्यांग यांचं वाडवडिलांपासून चेष्टेचं नातं. तोंडावर शिव्या द्यायच्या आणि ऐकणाऱ्याने राग मानायचा नाही, असा रिवाज. वालीने तो कधी मोडला नाही.

"ए गुलामा!" तो ओरडला. "पिंपात भात नाहीये! काय वाकून वाकून बघतोयस?"

आत सांकुंगला हसू आलं नाही. त्याच्या हातात एक नव्हे, दोन गोट्या होत्या. एक मास्तरांनी दिलेली. दुसरी सिरेची.

सिरे त्याची बायको. गेल्या पावसाळ्यात गेली. लग्न झाल्यापासून दोघांनी कधी एका माणसाला मत दिलं नाही. दर निवडणुकीला दोघं बरोबर निघायची, केंद्रापर्यंत भांडायची, दोन वेगळ्या पिंपांत गोट्या टाकायची आणि भांडत परत यायची. दोघांची मतं एकमेकांना खाऊन टाकायची. शेजारी म्हणायचे, अरे, मग घरीच बसा की! पण घरी बसून असं भांडण कुठलं होणार?

सांकुंग उमेदवाराची वचनं बघायचा. त्याचा जांभळ्या पिंपाचा इंजिनियरसाहेब खाडीवर पूल बांधणार होता, नकाशासकट. सिरेचं बघणं वेगळं. प्रचाराला आलेल्या लाल पिंपवाल्याने पाणी मागितलं, प्यायला, आणि भोपळ्याचा रिकामा तुंबा पाणी देणाऱ्या पोरीच्या हातात परत देताना तिच्याकडे बघून "देव तुझं भलं करो" म्हणाला. इंजिनियरसाहेबांनी तुंबा न बघता मागे धरला होता, कोणीतरी घेईलच म्हणून.

"अगं, आपल्याला राष्ट्राध्यक्ष निवडायचाय, जावई नाही!" सांकुंग म्हणाला होता.

"जावई चुकला तर एकच पोरगी रडते," सिरे म्हणाली होती.

मागच्या निवडणुकीला मात्र सांकुंग वाटेत रडकुंडीला आला होता. आजवर त्याने निवडलेला प्रत्येक माणूस पडला होता. "एकदा तरी माझा माणूस येऊ दे," असं तो पोरासारखं म्हणत राहिला, आणि सिरे कोलाची कडू बी चघळत गप्प चालत होती. संध्याकाळी गावात जांभळं पिंप एका गोटीने जिंकलं. देशातही इंजिनियरसाहेब आला. मग काय विचारता! भात वाढून घेताना, चहा ओतताना, झोपायला जाताना सांकुंगचं एकच पालुपद: "तुझा माणूस एका गोटीने पडला हं!" सिरे म्हणायची, "हो ना." आणि शेंगदाण्याचं कालवण ढवळत राहायची.

पूल झाला नाही. पावसाळ्यात सिरेच्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा खाडी ओलांडायच्या तराफ्याचा दोर तुटलेला होता. दवाखाना खाडीपलीकडे दिसत होता. तो बघत बघत ती अलीकडच्या काठावर गेली.

तिच्या पेटीतलं डोक्याचं फडकं उलगडताना सांकुंगला ही गोटी सापडली, गाठ मारून ठेवलेली. ती कुठून आली हे त्याला कळलं नाही. पण त्याने बेत केला: तिची गोटी तिच्या पिंपात, माझी माझ्या पिंपात, नेहमीसारखं. पडद्याआड गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की घंटा एकदाच वाजायला हवी. दोनदा वाजली तर तुरुंग. म्हणजे दोघांपैकी एकालाच मत देता येणार होतं. स्वतःची टाकावी तर सिरे पुन्हा एकदा हरणार. तिची टाकावी तर आपण चुकलो हे कबूल करायचं, आणि ते ऐकायला ती नाही.

तेवढ्यात घंटा वाजली.

"पुढचा!" मास्तर सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाले. नाफी पाठीवरच्या बाळासकट आत गेली आणि किंचाळत बाहेर आली. "अगंबाई! हे आतच उभे आहेत!"

"काका, घंटा वाजली ना?"

"माझी नाही."

"मग कोणाची?"

सगळ्यांनी फाटकाकडे बघितलं. पाववाला सायकल धरून उभा होता, चेहरा पिठासारखा पांढरा. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकलच्या घंटीला बंदी असते, ती याच कारणासाठी. पोलीस धावला आणि घंटी जप्त करायला लागला. ती गंजलेली होती, पिळून काढावी लागली, आणि काढता काढता भरपूर वाजली.

"लबाडी!" जांभळ्या पक्षाचा प्रतिनिधी उठून उभा राहिला. "आत भराभर मतं पडतायत!"

"तुमचीच पडत असतील!" लाल पक्षाचा प्रतिनिधी म्हणाला.

"अहो, ती सायकल आहे!" मास्तर कळवळून म्हणाले. "काका, आता तरी टाका हो!"

"ठरत नाहीये."

मग काय, अख्खी रांग शिकवायला लागली. कोणाला निवडावं हे आमच्या गावात सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर गावाची ही दशा.

"ज्याने तांदूळ वाटले त्याला द्या!"

"दोघांनीही वाटले. दोन्हींत खडे होते."

"जो आपल्या भागातला आहे त्याला!"

"आपल्या भागातला निवडून आला की राजधानीतला होतो, बाबा."

"म्हातारा निवड," वाली ओरडला. "लवकर मरेल. परत निवडणूक, परत फुकट टी-शर्ट!"

"काका, डोळे मिटा आणि टाका," नाफी म्हणाली. "माझं बाळ तापलंय उन्हाने."

"डोळे मिटून नको!" मास्तर म्हणाले. "विचार करून टाका. पण विचार लवकर करा."

"मतदारावर दबाव आणू नका!" दोन्ही प्रतिनिधी एकदम म्हणाले. दिवसभरात त्यांचं तेवढंच एकमत झालं.

पडद्याआडून सांकुंगचा आवाज आला. "मास्तर, एक विचारू? आपण चुकलो हे कबूल करायचंय, आणि जिच्यापाशी करायचं ती राहिली नाही. मग काय करायचं?"

मास्तरांनी मतदारयादी उलटसुलट चाळली. भूगोलात हे येत नाही.

उत्तर वालीने दिलं, आणि त्यात शिवी नव्हती. "टाक रे सांकुंग. घंटा वाजते ना ती? ऐकेल ती."

टण्ण!

आणि त्याच क्षणी पडद्याखालून एक गोटी घरंगळत आली आणि मास्तरांच्या बुटाला लागून थांबली.

"घंटा वाजली आणि गोटी बाहेर?" पोलिसाने सायकलची घंटी खिशात कोंबली आणि पडदा ओढला. "दोन गोट्या कुठून आल्या तुमच्याकडे?"

सांकुंगने रिकामे हात पुढे केले. "एक सिरेची आहे."

"सिरेकाकू वारल्या ना?"

"म्हणून तर मी आणली. तिच्या पेटीत होती, फडक्यात बांधून ठेवलेली."

पोलीस बेड्या चाचपायला लागला. मास्तरांनी मात्र गोटी उचलली, उन्हात धरली आणि मटकन खुर्चीवर बसले.

"म्हणजे ती काकूंकडे होती," ते म्हणाले. "मागच्या निवडणुकीत माझी एक गोटी कमी भरली होती. चौकशी झाली. नदीच्या पार वरच्या टोकाला बदली झाली माझी. तीन वर्षं मी तिथे माकडांना हाकलत भूगोल शिकवला. साहेब विचारायचे, मत दिलं, घंटा वाजली, मग गोटी गेली कुठे? आणि पिंपात हा कोला कुठून आला?"

"कोला?" सांकुंगने विचारलं.

"कोलाचा तुकडा. दातांनी कुरतडून गोल केलेला, नळीत बरोबर मावेल असा. घंटा जरा घोगरी वाजली होती, मला वाटलं ऊन लागलं."

सांकुंग एक पाऊल पुढे आला. "कोणत्या पिंपात होता?"

"जांभळ्या. तुमच्या माणसाच्या."

मागणी घालायला आमच्याकडे कोला नेतात. बारशाला वाटतात. रुसलेल्याच्या हातात ठेवतात. सिरेने सांकुंगच्या माणसाला मत दिलं नव्हतं, ते तिला जमलंच नसतं. पण त्या दिवशी तिने स्वतःचंही मत टाकलं नाही. नवऱ्याला कोला दिला, गोटी फडक्यात बांधली आणि भांडत घरी आली.

"एका गोटीने," सांकुंग पुटपुटला. "आणि मी तिला पाच वर्षं..."

वालीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहवाल लिहायचा का, मास्तर?" पोलिसाने विचारलं.

मास्तरांनी गोटी मुठीत घट्ट धरली. ती दाखवली असती तर त्यांच्यावरचा डाग पुसला गेला असता. मोह झालाच असणार, का नाही होणार? त्यांनी एकदा पोलिसाकडे बघितलं, एकदा सांकुंगकडे, आणि मग मूठ सांकुंगच्या हातात उघडली.

"कसला अहवाल? शाळा आहे ही. पोरं गोट्या खेळतात, इथे तिथे पडतात. आत एक पडली, घंटा एकदा वाजली." मग आवाज बारीक करून म्हणाले, "काका, आत कोणती पडली? मी दिलेली की काकूंची?"

"माहीत नाही. हात थरथरत होते. दोन्ही सारख्याच आहेत."

"पुढचा!" मास्तर ओरडले.

संध्याकाळी तिथेच मोजणी झाली. लाल पिंप एका गोटीने जिंकलं. गाव काही बदलत नाही. प्रत्येकजण मागच्या वेळचंच मत घेऊन आला होता, एकटा माणूस सोडून. देशात मात्र पुन्हा इंजिनियरसाहेबच येणार, असं रेडिओ सांगत होता. या खेपेला त्याने दोन पूल कबूल केले आहेत.

सांकुंग अंगणात निखाऱ्यांवर चहा उकळत बसला होता. समोर दोन पेले मांडले होते, हाताची सवय जात नाही. कुंपणावरून वाली डोकावला. त्याच्याच्याने राहवलं असतं तर तो जूफ कसला!

"काय रे गुलामा! तुझा इंजिनियर आपल्या गावात पडला की! तोही एका गोटीने!"

सांकुंगने मान वर केली नाही. किटलीतला चहा उंचावरून दुसऱ्या पेल्यात ओतला.

"हो ना," तो म्हणाला.