तरंगत्या निळ्या मुंगीचा पहिला प्रयोग

आमच्या विमा कचेरीत माझ्याइतका सुरेल माणूस दुसरा नाही. हे माझं एकट्याचं मत नाही. मी सगळ्यांना विचारून पाहिलं, कोणीही नाही म्हणालं नाही!

त्यामुळे मी बँड काढला तेव्हा तो गाजणार, हे धरूनच चाललो होतो. गाणं आणि ऑर्गन माझ्याकडे, गिटार मेहुण्याकडे, ड्रम शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे. नाव ‘तरंगती निळी मुंगी’, संगीत सायकेडेलिक रॉक. जागा अर्थातच सासऱ्यांचं गॅरेज.

“सायकेडेलिक म्हणजे काय हो?” सासऱ्यांनी विचारलं.

“ऐकणाऱ्याला भिंती वितळल्यासारख्या वाटतात, बाबा.”

“जावईबापू, माझ्या भिंतींना धक्का लागता कामा नये. आणि शटर नवीन आहे. विजेवर चालतं.”

त्यांनी गाडी बाहेर काढली आणि स्वतः अंगणात खुर्ची टाकून बसले. आत येईनात. मला मात्र आज त्यांना दाखवून द्यायचंच होतं. लग्न झाल्यापासून त्यांनी माझं एकदाही कौतुक केलेलं नाही!

प्रेक्षक भरपूर जमले. बहुतेक डॉक्टरांचे पेशंट होते. ज्याच्या हातात आपली दाढ, त्याला नाही कसं म्हणणार?

अंधार हवा म्हणून शटर खाली घेतलं. मेहुण्याने रंगीत दिवे लावले. मी धुराचं यंत्र सुरू केलं. मग तिघांनी मिळून पहिला सूर लावला, आणि फट्! वीज गेली.

गिटार मुकी, ऑर्गन मुका. शटर हलेना. धूर मात्र आधीच पुरेसा झाला होता.

“भाऊजी, हे ठरलेलं होतं का?” मेहुण्याने विचारलं.

“गप्प बस!”

लोक खोकू लागले. डॉक्टरांनी धीर द्यायचा म्हणून सवयीने सांगितलं, “घाबरू नका! अजिबात दुखणार नाही. तोंड मोठं उघडा!”

पेशंट मंडळींनी जी किंकाळी फोडली, तिच्यासारखा वरचा सूर मला आजवर लागलेला नाही.

बाहेर सासऱ्यांनी शटरखालून धूर येताना पाहिला आणि अग्निशमन दलाला फोन केला. थोड्याच वेळात शटरवर घण बसू लागले. धाड्! धाड्! डॉक्टरांना वाटलं, लोक ताल धरताहेत. त्यांनी दुप्पट जोराने ड्रम बडवायला घेतले. मग मेहुणाही बेंबीच्या देठापासून गाऊ लागला. खरं सांगतो, ‘मुंगी’ इतकी रंगात कधीच आली नव्हती!

शटर फाटलं. उजेड आला. डोळे पुसत, खोकत सगळे बाहेर पडले आणि टाळ्या वाजवू लागले. मी लवून नमस्कार केला. टाळ्या अग्निशमन दलासाठी होत्या.

सासरे फाटलेल्या पत्र्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“भिंती शाबूत आहेत, बाबा,” मी म्हणालो.

गाडी वळवून त्यांनी ती गॅरेजच्या तोंडाशी आडवी लावली आणि किल्ली खिशात टाकली. बँड तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी पेपरात मात्र आमचा फोटो आला! ब्लँकेट पांघरलेल्या तिघांचा, चांगला मोठा. बायकोने वाचून दाखवायचं टाळलं, म्हणून मीच चष्मा लावला. बँडचा उल्लेख कुठेच नव्हता. फोटोखाली छापलं होतं : ‘सुटका झालेले भेदरलेले प्रेक्षक.’