गोल कोपऱ्याचा मालक

माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राचे चारही कोपरे दिलावरमामूंनी माझ्या डोळ्यांदेखत कात्रीनं कापले. तीच आमची पहिली भेट.

आज हे मी शांतपणे लिहितो आहे, पण त्या प्रमाणपत्राची किंमत तेव्हा फक्त मला ठाऊक होती. कोडोलीतल्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. वारणानगरच्या कॉलेजातून मी बी.कॉम. झालो, तेव्हा वडील ते प्रमाणपत्र घेऊन स्वतः कोल्हापूरला गेले आणि जाड प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून आले. बसमध्ये जागा मिळाली नाही म्हणून ते छातीशी धरून उभे राहिले होते. असं ते प्रमाणपत्र घेऊन मी लक्ष्मीपुरीतल्या एका लांबट, अंधाऱ्या दुकानात मुलाखतीला गेलो. छतापर्यंत टॅबचे खोके रचलेले, आणि टेबलामागे पांढरी टोपी घातलेले, साठी ओलांडलेले दिलावर मुजावर. त्यांनी प्रमाणपत्र हातात घेतलं, पण वाचलं नाही. डोळे मिटले आणि एका कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"कुठं केलंस ह्ये ल्यामिनेशन?"

"इथंच, स्टँडजवळ."

"टोचतंय की रं!"

आणि मला काही कळायच्या आत ड्रॉवरमधून कात्री काढून कराकरा चारही कोपरे गोल. प्लॅस्टिकचे चार तुकडे टेबलावर पडले.

"आतल्या कागदाला धक्का न्हाय लावला, बघ. आता बारक्या पोराच्या डोळ्यात जायचं न्हाय. उद्यापासनं ये."

त्यांनी मला गुण विचारले नाहीत, इंग्रजी येतं का हेही विचारलं नाही. माझं नावसुद्धा त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, आणि विचारून पुन्हा 'ग्रॅज्युएट' अशीच हाक मारली.

मामूंना कोपऱ्यांचा नाद होता. लग्नपत्रिका आली की आधी तिचा कोपरा, मग नवरा-नवरीची नावं. बँकेत गेले की काउंटरच्या काचेचा कोपरा. हॉटेलात बसले की टेबलाचा, आणि तो पसंत पडला नाही तर चहा न घेता उठायचे. "कोपऱ्यात कारागीर सापडतोय," असं ते म्हणत. "मधलं कुनीबी करतंय. वळताना कळतंय हात कसा हाय." जेवताना तेवढे ते निवांत असत, कारण भाकरीला कोपरा नसतो.

हा नाद हुपरीचा. मामू मूळचे तिथले. तीस वर्षं त्यांनी घरातल्या घरात चांदीची पैंजणं केली. पुढे नजर अधू झाली, बारीक काम होईना. शाळा घरून भरू लागल्या त्या दिवसांत त्यांनी एका मेहुण्याच्या सांगण्यावरून टॅब विकायला सुरुवात केली आणि त्यातच राहिले.

आमच्या टॅबचं नाव 'चित्रगंगा'. हे नाव वाचूनच मी अर्ज केला होता. लहानपणी आमच्या घरात चित्रगंगाचा टीव्ही होता. दसऱ्याला वडील त्याला झेंडूची माळ घालायचे. मी चित्रगंगात लागलो हे कळल्यावर त्यांनी गल्लीत पेढे वाटले. "एवढ्या मोठ्या कंपनीत आमचं पोरगं," हे वाक्य त्यांनी दूध संस्थेत इतक्या वेळा म्हटलं, की मापाडी त्यांना टीव्हीवाले म्हणू लागला.

दुसऱ्या आठवड्यात मी भक्तिभावानं विचारलं, "मामू, आपली फॅक्टरी कुठं आहे? एकदा बघायला मिळेल का?"

मामू इतके हसले की टोपी पडली.

"कसली फॅक्टरी? चित्रगंगाचा टीव्ही बंद पडून जमाना झाला की! आता नुसतं नाव हाय. चार खुर्च्यांचं हापीस हाय आनि नाव हाय. त्ये भाड्यानं मिळतंय. पंख्याला एकानं घेतलंय, मिक्सरला एकानं. टॅबला आपन, तीन जिल्ह्यांपुरतं."

"नाव भाड्यानं?"

"मंडप मिळतोय, भांडी मिळत्यात, वरातीला घोडा मिळतोय. नाव का न्हाय मिळनार?"

म्हणजे दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून कोऱ्या पाठीचे टॅब यायचे आणि आम्ही त्यावर चित्रगंगा छापायचो. अगदी तोच टॅब सांगलीत वेगळ्या नावानं आणि बेळगावात तिसऱ्याच नावानं विकला जात होता. मामूंनी तिन्ही उघडून माझ्यापुढे ठेवले. आत एकच सर्किटची पाटी, एकच बॅटरी, स्क्रूसुद्धा तेच. मी रविवारी घरी गेलो तेव्हा वडिलांनी विचारलं, "साहेबलोक बरे आहेत ना?" मी 'हो' म्हणालो. आमच्याकडं साहेबलोक म्हणजे मामू आणि एक मांजर.

अशात ते पत्र आलं. जिचे टॅब जगभर खपतात अशा एका बड्या कंपनीच्या वकिलाचं, इंग्रजीत. दुकानात आम्ही पाच जण, त्यात पदवीधर मी एकटा, म्हणून ते मी मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं. आमच्या टॅबची पाठ आणि त्याचे गोल कोपरे हुबेहूब त्यांच्या टॅबसारखे आहेत, त्या रूपाची त्यांनी रीतसर नोंदणी केली आहे, विक्री ताबडतोब थांबवून तसं लिहून द्या, नाहीतर कोर्टात भेटू. आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, कारण करारही मीच वाचला होता. नकलेचा आरोप खरा ठरला तर चित्रगंगावाले आपलं नाव काढून घेणार होते. मग गोदामातले तीनशे टॅब बिननावाचे, आणि आम्ही पाच जण घरी. माझ्या बहिणीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष नुकतंच माझ्या पगारावर सुरू झालं होतं.

मी घाबरलो. मामूंना मात्र राग आला.

"कोपऱ्याचा मालक? कोपरा काय त्येंच्या सातबाऱ्याला लागलाय?"

दुसऱ्या दिवसापासून ते पुरावे गोळा करू लागले. दुकानात वेताची एक मोठी बुट्टी आली. तिच्यात आधी त्यांची शाळेतली पाटी पडली, मग पानाचा पितळी डबा, एक जुना ट्रान्झिस्टर, पत्र्याचा ट्रे, शेजारणीचा पाट. गोल कोपऱ्याचं जे दिसेल ते. साबणाच्या वड्या त्यांनी न वापरलेली आणि अर्धी वापरलेली अशा दोन्ही घेतल्या. "निसर्गबी कोपरा गोलच करतोय, ह्ये दाखवायला," म्हणाले. मधूनच धीर सुटला की कानस घेऊन बसायचे आणि एखाद्या टॅबचे कोपरे घासून टोकदार करून बघायचे. असे चार टॅब फुकट गेले. पाचव्याला मी हात जोडले.

कंपनीच्या अधिकारी मॅडम आणि वकील पुण्याहून आले. एका हॉटेलात बैठक ठरली. मामू लग्नातला कोट घालून आले, बुट्टी माझ्या डोक्यावर. वेटरला वाटलं आम्ही काही विकायला आलोय, त्यानं आम्हाला मागच्या दारानं पाठवलं.

मामूंनी एकेक वस्तू पांढऱ्या टेबलक्लॉथवर मांडली.

"ही पाटी. माझी चौथीतली. तवा तुमची कंपनी कुठं हुती?"

"मुजावरसाहेब—"

"थांबा की. हा डबा माझ्या आज्जीचा. बघा पावनं," हे वकिलांना, "लावा की अंगठा! लाजताय काय?"

वकिलांनी खरंच पानाच्या डब्याला अंगठा लावला. मॅडम तरुण होत्या, पण शांत. त्या म्हणाल्या, "एकटा गोल कोपरा कुणाचाच नाही, साहेब. ते मलाही मान्य आहे. पण सगळं मिळून जे रूप होतं, त्याची नोंदणी आहे. आता तुम्हीच बघा." आणि त्यांनी पिशवीतून आपल्या कंपनीचा टॅब काढून मामूंच्या पुढे सरकवला.

मामूंनी तो असा हातात कधी घेतलाच नव्हता. आमच्या दुकानात तो यायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी डोळे मिटले. पहिला कोपरा. दुसरा. तिसऱ्यावर थांबले, पुन्हा पहिल्यावर आले. मग पाठीची कड, पहिल्यापासून शेवटपर्यंत. इतका वेळ गेला की वकिलांनी घड्याळ बघितलं आणि मला वाटलं, मामूंना डुलकी लागली. मग त्यांनी आमचा टॅब मागितला, त्यावरून अंगठा फिरवला, आणि परत तो पहिला घेतला.

डोळे उघडून म्हणाले, "नक्कल हाय. आमचाच नकली हाय."

मी टेबलाखालून त्यांना पाय मारला, तो वकिलांना लागला.

"मामू!"

"गप रं. मॅडम, तुमचा हा कोपरा कुठं सुरू झाला आनि कुठं सपला, अंगठ्याला कळतच न्हाय. आनि आमचा हितं, ह्या जाग्याला, घाई करतोय. कुनीतरी तुमचा बघून केलाय, पर त्येला तुमचा समजला न्हाय." मग एकदम पुढे वाकून, "पैल्यांदा केला कुनी हा?"

"आमच्या डिझाइन टीमनं."

"टीमला अंगठा नसतोय. मानसाचं नाव सांगा की."

मॅडमनी वकिलांकडे बघितलं. "खूप लोकांचं काम असतं, साहेब. कुणा एकाचं नाव बाहेर येत नाही. मलाही माहीत नाही, खरंच."

"म्हंजे त्येचंबी न्हायच आलं," मामू म्हणाले. "बरं. सही कुठं करायची?"

आमच्या पाच जणांच्या नोकऱ्या त्या पेनाखाली होत्या, आणि मामू सही करता करता मॅडमना सांगत होते, "त्या मानसाचं नाव कळलं, तर तेवढं कळवा. इसरू नका." मॅडमनी ते डायरीत लिहून घेतलं. हसल्या नाहीत.

रस्त्यावर आल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसावर आवाज चढवला. बुट्टी डोक्यावर, आणि मी भर रस्त्यात ओरडतोय, "तुम्हाला कुणी विचारलं होतं का? त्यांनी सिद्ध करायचं होतं! तुम्ही काय म्हणून कबूल केलंत?"

"हातात घेतल्यावर कसं न्हाय म्हनू?" मामू म्हणाले. थोडं चालून पुन्हा म्हणाले, "तुला काढत न्हाय मी. टॅब दुरुस्तीला येत्यातच की."

पुढचं सगळं मला भीती होती तसंच झालं. महिन्याभरात चित्रगंगाचं पत्र आलं, नाव परत करा. बड्या कंपनीच्या मॅडमनी मात्र आमच्यासाठी एक सवलत मिळवून दिली. गोदामातला माल बिननावाचा, जाड चौकोनी कव्हरांत घालून, संपेपर्यंत विकायला हरकत नाही. दोघे जण दुसरी नोकरी बघून गेले. उरलेले आम्ही तिघं. बहिणीची फी मी तिच्या कॉलेजकडून दोन हप्त्यांत करून घेतली. आणि वडिलांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "त्या म्हाताऱ्यानं खोटी सही नाही केली ना? मग राहा तिथंच."

एका दुपारी मी आणि मामू दुकानात जमिनीवर बसून, थिनरच्या बोळ्यानं टॅबच्या पाठीवरचं चित्रगंगा पुसत होतो. मला ते शब्द टोचत होते, म्हणून विचारलं. "मामू, हॉटेलात तुम्ही म्हणालात, त्याचंबी नाव आलं नाही. म्हणजे आणखी कुणाचं?"

त्यांनी आधी हातातला टॅब पुसून बाजूला ठेवला.

"एकोनिसाव्या वर्षी मी एक ठसा केलता. पैंजणाचा. कडीला कडी जिथं मिळती ना, तिथं असं वळवलंतं की सांधा दिसायचाच न्हाय. व्यापारी घेऊन गेला. आठ दिवसात शेजारच्या घरात तसलंच. म्हैन्यात सगळी हुपरी त्येच करत हुती. व्यापाऱ्यानं त्येला एका नटीचं नाव दिलं. मुंबईपातूर गेलं."

"तुम्ही भांडला नाहीत?"

"कशाला? आमीबी दुसऱ्याचं बघून करतच हुतो की. समदेच करत्यात. त्येचा राग न्हाय." बोळा थिनरमध्ये बुडवून त्यांनी पिळला. "पर पैल्यांदा केलं कुनी, एवढं तरी कुनीतरी इचारावं का न्हाय? चाळीस वर्षांत एकानं न्हाय इचारलं. अब्बांना ठाऊक हुतं. त्ये गेले."

चित्रगंगाचं पत्र तिथंच पडलं होतं. ते मी उलटं करून कोऱ्या बाजूनं त्यांच्यापुढे ठेवलं आणि पेन दिलं.

"काढून दाखवा ना. कसं होतं?"

मामूंनी हात पुसले. वाकून, चष्मा वर सारून, एक कडी काढली. मग तिच्या खाली दुसरी, थोडी वेगळ्या वळणाची. मग तिसरी. तिन्हीकडे बघत राहिले. तिसरीला आणखी एक रेघ दिली, ती खोडली. शेवटी पेन खाली ठेवलं.

"समद्यांनी इतकं केलं, इतकं बदललं," ते हळू म्हणाले, "की त्यातलं माझं कंचं, मलाच कळंना झालंय."

जगातला कुठलाही कोपरा अंगठ्याखाली आला की ज्याला त्यामागचा हात कळायचा, त्या माणसाला मी पहिल्यांदाच असं हरलेलं बघत होतो. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला.

"तुला ह्यातलं कंचं बरं वाटतंय?"

मला चांदीतलं काही कळत नाही. पण मी तिन्ही वळणं नीट बघितली आणि मधल्यावर बोट ठेवलं.

"मग त्येच असंल," मामू म्हणाले, आणि पुढचा टॅब पुसायला घेतला.