दोन हजार सालचं ठिगळ

घुग्घुसच्या एका पतसंस्थेतले हेडक्लार्क गुणवंतराव यांना कळणार नाही असा इंग्रजी शब्द अजून जन्माला यायचा होता. (हे मत त्यांचं स्वतःचं.) म्हणून १९९९ च्या डिसेंबरात चंद्रपूरहून साहेबांचा फोन आला, "नवं साल लागायच्या आत कॉम्प्युटरला पॅच मारून घ्या, नाहीतर सिरोंच्याला बदली समजा," तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. कॉम्प्युटर चालवणारी शाजिया लग्नाच्या रजेवर होती. आणि पॅच म्हणजे काय, हे ते आठवडाभर घरीच ऐकत होते. मुलगा पियुष गॅदरिंगमध्ये जोकर होणार होता, आणि बायको नीलिमाबाई रोज बजावत, "बाबूभाईकडून त्याच्या पँटले पॅच मारून आना जी."

त्या संध्याकाळी गुणवंतराव पँट आणायला गेले आणि बाबूभाई टेलरलाच ऑफिसात घेऊन आले.

बाबूभाईंनी कॉम्प्युटरभोवती चक्कर मारली. "भाऊ, हे त सारं पिलाश्टिक हाय. सुई कुठी घालू?"

"साहेबाचा हुकूम हाय. पाहा ना, कुठीतरी फाटला असन."

कॉम्प्युटरवर घालायचं कापडी कव्हर उंदरानं कुरतडलेलं निघालं. दोघांनाही हायसं वाटलं. बाबूभाईंनी जोकरच्या पँटीतून उरलेलं लाल-पिवळं कापड लावून दुहेरी टाके घातले, आणि गुणवंतरावांनी लगोलग फोन केला, "साहेब, पॅच मारला. एकदम पक्का."

जानेवारीत साहेब स्वतः आले. कॉम्प्युटर सुरू केला, तर पडद्यावर साल २००० ऐवजी १९००. ठेवीदारांचं व्याज उणे शंभर वर्षांचं.

"पॅच मारला होता ना?"

गुणवंतरावांनी कव्हर पुढे केलं. साहेबांनी ते लाल-पिवळं ठिगळ बोटानं उचलून पाहिलं.

"हा जोकर कोण?" त्यांनी विचारलं.

"पियुष, साहेब. माझा मुलगा. कापड त्याचंच आहे."

पुढच्या आठवड्यात सिरोंच्याच्या बदलीची ऑर्डर आली. गुणवंतरावांनी ती दोनदा वाचली. मग त्यांची नजर तारखेवर गेली. चंद्रपूरच्या कॉम्प्युटरलाही कोणी पॅच मारलेला नव्हता.

"नीलिमा, हे पाय. जानेवारी एकोणीसशे. तवा मी जन्मलोच नव्हतो. मंग माही बदली कशी होईन?"

नीलिमाबाई पेटी भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"खरं हाय जी. जन्मच झाला नाई त अक्कल कुठून येईन? मी इतके वर्ष तुमाले उगाच बोलून राह्यली होती. बरं, मच्छरदानी पेटीत घालू का बिस्तऱ्यात?"