ओड्वार यांच्या मिळकतीची चौकशी

ओड्वार गेले एकोणीस हिवाळे एकच स्वेटर घालतात आणि घरातली एकच खोली तापवतात, ही बाब त्यांच्या मुलीच्या, गुनवोरच्या, निदर्शनास आली. होड्या बांधून निवृत्त झालेल्या एक्याऐंशी वर्षांच्या बापाला पेन्शन पुरते की नाही, या काळजीने तिला अन्न गोड लागेना.

"विचार की सरळ," नवरा म्हणाला.

"पैशांचं? तोंडावर?" गुनवोर म्हणाली. "बद्धकोष्ठाचं विचारते हवं तर."

नॉर्वेतल्या सभ्य माणसाने अशा वेळी जे करायचं, तेच तिने केलं. सरकारची करयादी सर्वांना खुली असते; तीत तिने वडिलांचं नाव शोधलं. सदर इसमाची मालमत्ता चाळीस लाख क्रोनर निघाली. तिचा जीव भांड्यात पडला. मात्र आपली नोंद कोणी पाहिली, हेही ज्याला त्याला दिसतं, हा नियम ती काळजीपोटी विसरली होती.

रविवारी जेवताना ओड्वारांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही. बटाटा मात्र तिला एक कमी वाढला. सोमवारी त्यांनी तिची मिळकत पाहिली. मंगळवारी माफी म्हणून तिने पुन्हा त्यांची पाहिली. 'असू दे' म्हणून त्यांनी पुन्हा तिची पाहिली. हळूहळू व्यवहाराला शिस्त आली: एकदा पाहिलं की खुशाली, दोनदा म्हणजे तक्रार, वाढदिवसाला तीनदा. सगळं यादीतूनच कळू लागल्यावर रविवारचं जेवण अनावश्यक ठरून बंद झालं.

मार्चमध्ये आठवडाभर गुनवोरची नोंद पाहणाऱ्यांत ओड्वारांचं नाव उमटलंच नाही. तिने त्यांची नोंद चार वेळा पाहिली. उत्तर नाही. बर्फातून गाडी हाणत ती पोचली, तेव्हा म्हातारा टेबलाशी चीज कापत बसला होता.

"करयादीचा पासवर्ड विसरलो गं," ते म्हणाले.

"मग फोन करायचात ना, बाबा." तिला रडू फुटलं.

"केला असता. पण बोलायचं काय?"

तिलाही सुचेना. तिने पासवर्ड बदलून दिला आणि कोट न काढताच ती परतली. घरी येऊन पाहते तो तिची नोंद पाहणाऱ्यांत वडिलांचं नाव हजर. "बाबा बरे आहेत," असं नवऱ्याला सांगून ती निर्धास्त झाली.

हसा खुशाल. आज सकाळी वडिलांनी मोबाइलवर धाडलेल्या 'शुभ सकाळ'च्या गुलाबाला तुम्हीही नुसता अंगठाच पाठवलात ना?