आप्पासाहेबांचा गुप्त पासवर्ड

हर्षलने फळ्यावर 'लिनक्स वापरणाऱ्यांची पहिली सभा : उपयुक्त साधने व बिघाड दुरुस्ती' असं लिहून तो दूध संस्थेच्या फाटकाला टांगला, आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात झाली. कॉलेजची दहा-बारा मुलं आली ती कॉम्प्युटरसाठी. दगडाबाई आल्या त्या मिक्सर घेऊन.

"हर्षल, पातं फिरंना बघ ह्याचं. दुरुस्ती हाय न्हवं इथं?"

"मावशी, इथं कॉम्प्युटरची दुरुस्ती आहे."

"मग ह्यो तर त्याच्याहून ल्हान हाय," असं म्हणून त्या मिक्सर मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसल्या.

हर्षल म्हणजे कोल्हारच्या ह्या संस्थेचा कॉम्प्युटर ऑपरेटर. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्याने संस्थेच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स चढवलं होतं, आणि १९९९ सालच्या त्या उन्हाळ्यात त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. दर रविवारी हा हॉल आणि हा कॉम्प्युटर आपल्या ह्या लिनक्स मंडळाला मिळावा, एवढीच त्याची इच्छा. पण त्यासाठी चेअरमन आप्पासाहेब आणि व्हाइस चेअरमन काकासाहेब, दोघांचाही होकार लागत होता, आणि गेल्या निवडणुकीपासून ते एकमेकांशी बोलत नव्हते. आप्पासाहेब 'हो' म्हणाले, एवढ्याच कारणाने काकासाहेब 'नाही' म्हणत होते. आज सभा बघून शेवटचं काय ते सांगतो, असं मात्र काकासाहेबांनी कबूल केलं होतं. दोघंही समोर बसले होते, मधे एक खुर्ची रिकामी सोडून.

सभा म्हटली की उद्घाटन आलंच. फीत कुठे बांधायची हे न कळल्यामुळे हर्षलने एक युक्ती काढली. कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्डच आप्पासाहेबांच्या हस्ते ठेवायचा! जगात दुसरीकडे कुणी असला पासवर्ड पाहुण्याच्या हाती देत नसेल. पण दुसरीकडे चेअरमनही असे नसतात.

"साहेब, हे ह्याचं कुलूप. तुमच्या मनातलं कोणतंही नाव टाका. फक्त कुणाला सांगायचं नाही. मलासुद्धा नाही."

आप्पासाहेब एका बोटाने अक्षरं शोधू लागले. "आरं, उमटंना की काईच!"

"ते दिसत नाही साहेब. गुप्त असतं."

"म्हंजे गुप्त मतदान!" आप्पासाहेब खुलले. हे त्यांना नीट कळत होतं. टोपी काढून तिचा आडोसा धरत त्यांनी नाव टाकलं, कॉम्प्युटरने विचारलं म्हणून तेच पुन्हा टाकलं. टाळ्या झाल्या, नारळ फुटला.

शिपाई गहिनीनाथच्या लेखी नारळ फुटला की समारंभ संपला. त्याने शिस्तीत जाऊन मेन स्विच पाडला. पंखे थांबले आणि कॉम्प्युटर गप्प झाला.

"गहिनीनाथ, अरे सभा अजून सुरू व्हायचीय!"

"मग नारळ कशाला फोडला?"

हर्षलने स्वतःच जाऊन स्विच वर केला. वीज परत आली. कॉम्प्युटर बराच वेळ स्वतःशी पुटपुटला आणि शेवटी नाव विचारून थांबला. हर्षलने सवयीने नाव आणि जुना पासवर्ड टाकला. तो चालेना. जुना पासवर्ड गेला होता, आणि नवा फक्त आप्पासाहेबांना ठाऊक होता.

"पासवर्डशिवायही आत शिरता येतं," कॉलेजातली सायली म्हणाली. "मी करू?"

"म्हंजे संस्थेचं कुलूप तोडनार? माझ्यासमोर?" काकासाहेब कडाडले. "आसलं लिनक्स आमाला नको. हॉल मिळनार न्हाई!"

हर्षल धावत आप्पासाहेबांकडे गेला. "साहेब, पासवर्ड सांगा ना."

"सांगायचा न्हाई. तूच म्हनलास."

"आता चालेल."

"आसं कसं? मत दिल्यावर सांगत्यात व्हय?"

"मग तुम्हीच टाका!"

"टाकतो. पन समद्यांनी भिताडाकडं तोंड करायचं."

सगळी सभा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. काकासाहेबसुद्धा, कपाळाला आठ्या घालून. मागून बटणांचा आवाज येऊ लागला. ह्या वेळी कॉम्प्युटर आधी वापरणाऱ्याचं नाव विचारतो आणि मग पासवर्ड, हे सांगायचं हर्षल गडबडीत विसरला.

"परत इचारतंय रं."

"परत टाका साहेब!"

"आजून इचारतंय."

"टाकत राहा!"

"माझं पातंबी आसंच करतं," दगडाबाई भिंतीला म्हणाल्या.

इतका वेळ आप्पासाहेबांची नजर बटणांवरच होती. आता त्यांनी मान वर केली. "आरं, ह्या टायमाला उमटलं की झकास!"

सगळे गर्रकन वळले. पासवर्डच्या जागी अक्षरं दिसत नाहीत, पण नावाच्या जागी ढळढळीत दिसतात. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एकाखाली एक लिहिलं होतं : काकासाहेब. काकासाहेब. काकासाहेब.

काकासाहेबांनी चष्मा पुसला, जवळ जाऊन पुन्हा वाचलं.

"आप्पा," त्यांनी विचारलं, "मनातलं नाव टाका, म्हनला हुता ना ह्यो?"

आता खरी गोष्ट अशी, की काकाचं नाव मी टाकीन हे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, एवढाच आप्पासाहेबांचा हिशेब होता. त्यांनी ते सांगायला तोंड उघडलं, काकासाहेबांचे ओले डोळे बघितले आणि तोंड मिटलं.

"व्हय," ते पुटपुटले. "गुप्त हुतं."

काकासाहेब मधल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसले. "हॉल दर रविवारी ह्या पोरांचा. कॉम्प्युटरबी."

हर्षलला आनंदाने काय करावं ते कळेना. "फक्त साहेब, आता सगळ्यांना समजलाय, तर पासवर्ड बदलावा लागेल."

"खबरदार!" काकासाहेब गरजले. "मनातलं नाव बदलत्यात व्हय?"

आप्पासाहेबांनी हर्षलकडे केविलवाणं बघितलं. हर्षलने भिंतीकडे बघितलं.

पुढच्या रविवारी हर्षलला यायला उशीर झाला. कॉम्प्युटर सुरू होता आणि समोर दगडाबाई मांडीवर मिक्सर घेऊन बसल्या होत्या.

"ये. गहिनीनाथनं त्येच नाव टाकून उघडून ठिवलाय," त्या म्हणाल्या. "तुमचं झालं ना? आता ह्याचं बघ."