बोडक्या डोंगराचा ग्रुप

हिंगणवाडीच्या बोडक्या डोंगराने पाडव्याला मोबाइल घेतला आणि दिवाळीपर्यंत गावातली माणसं कमी करायला काढली.

सुरुवातीला तो भलताच गोड होता. रोज सकाळी गावाच्या ग्रुपवर सूर्याचं चित्र टाकायचा, सगळ्यांचं बरं चिंतायचा. मग म्हणाला, मिक्सरच्या आवाजाने माझ्या पाखरांची झोप मोडते. गावाने मिक्सर पुरले. मागोमाग टीव्ही गेले, ट्रॅक्टर गेले. मग एक दिवस त्याने लिहिलं, ‘माणसं फार झाली. मला पेलत नाहीत. जी यंत्रावर जगतात त्यांच्यापासून सुरुवात करू.’

हिंगणवाडीची एक रीत होती. ग्रुपवर काहीही येवो, बारसं की मयत, हात जोडल्याचं चित्र पाठवायचं. नाही पाठवलं तर माणूस माजला म्हणतात. ह्या निरोपालाही सगळ्यांनी हात जोडले. शेवंताबाईनेही जोडले, तिचा चष्मा पिठाने माखला होता आणि पुसायला सवड नव्हती. डोंगराने हात मोजले आणि ठराव मंजूर झाल्याचं कळवलं.

शेवंताबाईची पिठाची गिरणी डोंगराच्या पायथ्याला. मागच्या खोलीत तिचा नवरा दामोदर पडून असायचा. खाणीत ह्याच डोंगराचे दगड फोडून त्याची फुप्फुसं गेली होती. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. पहिलं नाव त्याचंच आलं.

निरोप घेऊन पुतण्या सुदेश आला. चपला रीतसर उंबऱ्याबाहेर काढल्या.

“काकू, सोमवारी काकांचं बटण बंद करायचंय. डोंगराचं म्हणणं आहे.”

“डोंगराचा मोबाइल माझ्याच गिरणीत चार्जिंगला लावलायस, तो बघ. तो काय यंत्र नाही, बोरीचं झाड आहे?”

“तो निरोपापुरता आहे.”

“आणि गिरणी?”

“गिरणीला सूट आहे. भाकरी लागते ना.”

“म्हणजे तुला लागतं ते चालतं, आणि ह्यांना लागतं ते यंत्र. तुझा शेंबूड ह्याच माणसाने पुसलाय, सुद्या.”

सुदेशने मान खाली घातली. “माझं काकांशी वाकडं नाही. पण ठरावाला तुमचेही हात आहेत, काकू.”

शेवंताबाईला तोंडाने हरवेल असा माणूस पंचक्रोशीत नव्हता. ह्यावर मात्र ती वळून गिरणीत दाणे ओतायला लागली.

रविवारी ती दळण बाजूला ठेवून मोबाइल घेऊन बसली. एकेक अक्षर जुळवून तिने ग्रुपवर लिहिलं, ‘आमचे हे आज गेले.’

लगेच हात आले, सगळ्यांच्या आधी डोंगराचे. प्रेत कुठंय, असं कुणी विचारलं नाही. ग्रुपवर आलं म्हणजे झालं. सुदेश उंबऱ्यावर बसून खरोखरचा रडला. त्याची आई यमुना, म्हणजे शेवंताची जाऊ, तिने हळूच शेवंताच्या बांगड्या फोडल्या. काच लागू नये म्हणून मनगटाला पदर गुंडाळला. दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा लगेच शिवला. तोही ग्रुपमध्ये असावा.

“माझ्या दहाव्याला काय केलं होतंस?” भिंतीआडून दामोदरने विचारलं.

“वडे.”

“मला नाही ठेवलेस?”

“कावळ्याने खाल्ले. तुम्ही हळू बोला.”

मशीनची घरघर बाहेर जाऊ नये म्हणून शेवंताबाई आता कुणाची चाहूल लागली की दळण नसलं तरी गिरणी सुरू करते. दगडावर दगड घासतात. लोक म्हणतात, नवरा गेल्यापासून बाईचं डोकं फिरलंय. ती हो म्हणते.

परवा पुढचं नाव आलं. यमुनाचं. तिच्या छातीत ठोके सांभाळणारं बारकं मशीन बसवलेलं आहे. पहिले हात सुदेशचे आले. मग भराभर सगळ्या गावाचे. खुद्द यमुनाचेही आले. रीत ती रीत. कुणाचे यायचे राहिले ते ग्रुपवर दिसतं, आणि सुदेश दारोदार जाऊन विचारतो. शेवटी एकटी शेवंताबाईच राहिली.

आत दामोदर खोकला. बाहेर उंबऱ्यापाशी चपला काढल्याचा आवाज झाला.

शेवंताबाईने गिरणी सुरू केली. पदराने चष्मा स्वच्छ पुसला. निरोप पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाचला आणि हात जोडले.